फळाचा हिशेब आणि भावाची शुद्धी



एखादे कृत्य चांगले की वाईट हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न धर्मस्थानात जितका महत्त्वाचा, तितकाच दुकानाच्या गादीवरही महत्त्वाचा आहे. त्याचे एक उत्तर असे की, कृत्याचे फळ पाहावे. ज्या कृत्याने अधिकाधिक लोकांना अधिकाधिक सुख लाभते ते चांगले, ज्याने दुःख वाढते ते वाईट. या विचारास उपयुक्ततावाद म्हणतात. इंग्लंडमधील जेरेमी बेंथॅम यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची पद्धतशीर मांडणी केली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे चाकरी केलेल्या जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६१ साली त्यास अधिक परिष्कृत रूप दिले. सुख किती तीव्र, किती काळ टिकणारे, किती निश्चित आणि किती जणांपर्यंत पोहोचणारे, अशी मापे बेंथॅम यांनी सांगितली. नीतीची जणू खतावणीच त्यांनी मांडली.

या विचाराचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. या हिशेबात धनिकाचे सुख आणि मजुराचे सुख एकाच वजनाने तोलले जाते. प्राण्यांविषयी बोलताना बेंथॅम यांनी त्यांना बुद्धी किंवा वाचा आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला आणि त्यांना वेदना होतात की नाही, एवढेच विचारले. अहिंसेची शिकवण बाळपणापासून ऐकणाऱ्या समाजास हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

पुणे शहरात या विचाराची चर्चा फार जुनी आहे. १८८८ साली 'सुधारक' पत्र सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. रूढी केवळ जुनी आहे म्हणून पाळू नये, तिच्यापासून माणसाचे हित होते की अहित हे तपासावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे एके काळचे सहकारी लोकमान्य टिळक यांनी मात्र मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त याच मताची कठोर परीक्षा केली. कौरवांचे सैन्य अकरा अक्षौहिणी आणि पांडवांचे सात. तेव्हा केवळ डोकी मोजली तर न्याय कौरवांच्या पदरात टाकावा लागेल, हे त्यांनी दाखवून दिले. अमेरिकेतील एका शहराचे उदाहरणही त्यांनी घेतले आहे. तेथे ट्रामगाडीची परवानगी लवकर मिळावी म्हणून अधिकाऱ्यांना लाच दिली गेली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, पण तेवढ्याने लाच शुद्ध होत नाही. म्हणून कर्त्याची बुद्धी पाहिली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ग्रंथातील हा वाद लवकरच पुण्याच्या पश्चिमेस, मुळशीच्या खोऱ्यात प्रत्यक्ष उभा राहिला. टिळकांच्या निधनास एक वर्षही लोटले नव्हते, तोच १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथील मावळ्यांनी टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. निळा आणि मुळा या नद्यांचे पाणी अडवून, ते सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात उतरवून मुंबईसाठी वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना होती. त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांची शेते आणि घरे पाण्याखाली जाणार होती. 'जान किंवा जमीन' ही सत्याग्रहींची घोषणा होती. याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी दिली आणि कारावासही दिला. अखेर धरण झाले. भिरा येथील वीजगृह १९२७ साली सुरू झाले आणि गावे गेली.

उपयुक्ततावादाच्या वहीत ही योजना सहज नफ्यात दिसते. एका बाजूस काही हजार शेतकरी, दुसऱ्या बाजूस लाखो लोकांचे शहर, त्याच्या गिरण्या आणि त्यांतील रोजगार. मुंबईच्या गिरण्यांचे कापड पुण्याच्या पेठांतूनही विकले जात असे. त्यामुळे लाभ घेणाऱ्यांत पुणेकर व्यापारी आणि ग्राहकही होतेच. वीज निरुपयोगी होती असे कोणीही म्हणणार नाही. मग चूक कोठे?

हिशेब जाणणाऱ्यास ती चटकन दिसावी. एका असामीच्या खात्यावरील नावे रक्कम दुसऱ्या असामीच्या खात्यातील जमेने फिटत नाही. दोघांची खाती वेगळी असतात आणि वेगळीच ठेवावी लागतात. अधिकांचे अधिक सुख मोजणारा सर्वांची खाती एकत्र करून एकच बेरीज काढतो. त्या बेरजेत मुळशीच्या शेतकऱ्याची भातखाचरे आणि मुंबईच्या दिव्याचा उजेड एकमेकांत वजा होतात. शेतकऱ्याच्या स्वतःच्या वहीत मात्र भातखाचर गेल्याची नोंद तशीच राहते. मोबदला ठरला तरी जमिनींवर सावकारांचेही हक्क असल्याने, ती रक्कम आणि जमीन कसणारा हात यांची गाठ पडेलच, असे नव्हते.

जैन आचार्यांनी या बेरजेचा विचार फार पूर्वी केला होता. सुमारे दहाव्या शतकातील आचार्य अमृतचंद्र यांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात असे युक्तिवाद एकामागून एक घेतले आहेत. धान्यातील असंख्य सूक्ष्म जीव मारण्यापेक्षा एक मोठा प्राणी मारणे बरे, हा एक. एक हिंस्र प्राणी मारल्याने पुष्कळ जीव वाचतात, हा दुसरा. दुःखी जीवास मारून त्याची दुःखातून सुटका करावी, हा तिसरा. तिन्ही युक्तिवाद फळाच्या हिशेबावर उभे आहेत आणि तिन्ही आचार्यांनी नाकारले आहेत. त्यांच्या मते हिंसेचे मूळ राग-द्वेषादी भावांच्या उदयात आहे. बेरीज कितीही मोठी आली तरी हाताने केलेली हिंसा पुण्याच्या रकान्यात जात नाही.

येथपर्यंत जैन विचार टिळकांच्या जवळ दिसतो. परंतु समबुद्धी साधलेल्यास युद्धातील कर्मही बाधत नाही, असे 'गीतारहस्य' सांगते, तेथे दोहोंची वाट वेगळी होते. भाव शुद्ध असला म्हणजे झाले, अशी सवलत जैन आचारात नाही. प्रमाद हाच दोष मानला आहे. ईर्यासमिती पाळणारा साधू चार हात भूमी पाहून पाऊल टाकतो, ते पावलाचा परिणाम त्यास ठाऊक असतो म्हणूनच. 'हेतू चांगला होता' एवढे म्हणून निष्काळजीपणा झाकता येत नाही. परिणामाची काळजी वाहणे हा शुद्ध भावाचाच भाग आहे.

विश्वस्त संस्थांच्या कामात याचा उपयोग रोजचा आहे. संस्थेजवळ ठरावीक निधी असतो. शिष्यवृत्ती द्यावी, रुग्णांस साहाय्य करावे की पांजरपोळास चारा द्यावा, असा प्रश्न येतो. येथे कोणाचे काही काढून घेतले जात नाही, म्हणून फळाची मोजदाद अवश्य करावी. तेवढ्याच रुपयांत दहा जणांचे दुःख निवारता येत असता केवळ नावाच्या पाटीसाठी एकाच ठिकाणी खर्च करणे हा दानाचा प्रमाद होय. तेथे बेंथॅम यांची खतावणी उघडावी.

परंतु निर्णय जेव्हा कोणाकडून काही घेण्याचा असतो, तेव्हा नुसती बेरीज पुरत नाही. जुना भाडेकरू उठवून मोठे सभागृह बांधणे असो, की नफा राखण्यासाठी जुन्या नोकरास कमी करणे असो, पुष्कळांची सोय होईल हे खरे असू शकते. अशा वेळी तीन गोष्टी तपासाव्यात. तोटा नेमका कोणाच्या खात्यावर पडतो? त्याला विचारले आहे काय, आणि भरपाई त्याच्याच हाती पडते काय? आणि हिशेब मांडणारा स्वतः लाभाच्या बाजूस बसला आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर हिशेब दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा. व्यापारात यास लेखापरीक्षण म्हणतात. आत्म्याच्या व्यवहारात प्रतिक्रमणाचा हेतू याहून फार निराळा नाही.

देताना मोजावे आणि घेताना विचारावे, एवढाच या विवेचनाचा इत्यर्थ आहे. मुळशीचे धरण आजही भरते आणि त्याच्या पाण्याचा उपयोगही होतो. परंतु त्याखालील गावांचे खाते कोणत्याही बेरजेने बंद होत नाही. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांच्या वहीत असे एकही खाते उघडे राहू नये, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र.