पुडीचा हिशेब

धारणीच्या बाजारातून परतताना थैलीत काय असतं? 10 रुपयांची चहापत्ती, 5 रुपयांचं तिखट, पावभर तेल. थोडं थोडं घेतलं की खर्चही थोडाच वाटतो. पण चहापत्तीची पुडी दोन दिवस पुरली, तर महिन्याला 150 रुपये फक्त चहापत्तीचे झाले. पुडीवर वजन छापलेलं असतं, मोठ्या पाकिटावरही असतं. शाळेत जाणाऱ्या पोरीला दोन्हींचा किलोचा भाव काढायला सांगा.

मोठ्या पाकिटाला एकदम पैसे कुठून आणायचे? खरं आहे. म्हणून तर गट आहे. दहा जणींनी मिळून 15 किलोचा तेलाचा पिपा घेतला, तर प्रत्येकीला दीड किलो येतं. वाटणी काट्यावरच करा बरं, भांडण तिथंच लागतं.

पावसाळ्यात घरातला दाणा संपतो आणि उधारी सुरू होते. हजार रुपये शेकडा 10 नं घेतले, तर महिन्याचं व्याज 100. गटातून शेकडा 2 नं घेतले, तर 20. चार महिन्यांत 320 रुपयांचा फरक!

आणि रेशन. जानेवारी 2023 पासून अंत्योदय कार्डाचं महिन्याचं 35 किलो आणि प्राधान्य कार्डाचं माणशी 5 किलो धान्य फुकट आहे. पावती मागून घ्या. दिवाळीनंतर कामाला बाहेरगावी गेलात, तरी तिथल्या रेशन दुकानात याच कार्डावर धान्य मिळतं. जाताना कार्डाचा नंबर आणि आधार सोबत ठेवा.