समुद्र बुजवणे: जमते, पण हिशोब पुरा मांडा



मुंबईतल्या घरांच्या किमतींचा विषय निघाला की आपल्यात कोणीतरी हमखास म्हणते, "दुबईने समुद्रात बेटे उभारली, मग आपण आणखी थोडा समुद्र का बुजवू नये?" प्रश्न रास्त आहे. मी मऊ चिकणमातीवर संशोधन करते, म्हणून उत्तराची सुरुवात चिखलापासूनच करते.

आधी साधा हिशोब. एक हेक्टर जागा, पाणी १० मीटर खोल, भराव पाण्याच्या वर ४ मीटर. म्हणजे १ लाख ४० हजार घनमीटर माल. एका ट्रकमध्ये १० घनमीटर मावतात असे धरले तर १४ हजार खेपा! शिवाय लाटा अडवायला कडेने दगडी बांध हवा. उतरत्या बांधाची उंची दुप्पट झाली की दगड साधारण चौपट लागतो. त्यामुळे किनाऱ्यालगत स्वस्त वाटणारे काम खोल पाण्यात भलतेच महाग होते.

दुसरा खर्च निविदेत सहसा नीट दिसत नाही, तो म्हणजे जमीन खचण्याचा. जपानमध्ये ओसाकाच्या उपसागरात बेट बांधून १९९४ साली कान्साई विमानतळ सुरू झाला. तिथे पाणी सुमारे १८ मीटर खोल आणि तळाशी चिकणमाती. भरावाचे वजन पडले की तिच्यातले पाणी हळूहळू पिळून निघते आणि जमीन बसते. पाणी लवकर निघावे म्हणून वाळूचे लाखो उभे स्तंभ घातले. तरी त्याखालचे खोल थर बसतच राहिले. काम सुरू झाल्यापासून पहिले बेट १३ मीटरहून अधिक खचले आहे. २०१८ च्या वादळात धावपट्टी पाण्याखाली गेली, मग समुद्रभिंत आणखी उंच करावी लागली. विमानतळ चालू आहे, पण देखभालीचे बिल कधी संपत नाही.

तिसरा मुद्दा कारभाराचा. १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॅक बे भरण्याची मोठी योजना निघाली. गाळ उपसणाऱ्या यंत्राने अंदाजापेक्षा फारच कमी काम केले, खर्च फुगला आणि योजना अर्धवट सोडावी लागली. त्या गैरकारभारावर तुटून पडले ते खुर्शीद नरीमन. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे त्याच भागातल्या भरावाला त्यांचे नाव मिळाले, नरीमन पॉइंट!

शेवटचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून जातो. मुंबईच्या किनारा रस्त्यासाठी १११ हेक्टर भराव झाला. वरळीच्या कोळ्यांनी सांगितले की पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवले तर होड्या सुरक्षित जाणार नाहीत. बऱ्याच संघर्षानंतर २०२२ मध्ये ते १२० मीटर करण्याचे ठरले. हे आधीच विचारले असते तर?

आपल्यापैकी अनेकांची गुंतवणूक मुंबईत आहे. उद्या भरावावरच्या सदनिकेचे माहितीपत्रक हाती आले तर चार प्रश्न विचारा. खाली माती कोणती? ती अजून किती बसेल? समुद्राची पातळी वाढली की भिंत कोणाच्या पैशाने उंच होणार? आणि इथे आधी कोण मासे धरत होते?

समुद्र बुजवता येतो, ह्यात शंका नाही. फक्त तो फुकट मिळतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.