काटकसर कुणाच्या ताटातून?
(महिला मेळाव्यातील भाषण)



घरावर कर्ज झालं की काटकसरीचा उपदेश बाईलाच ऐकावा लागतो. मीही केली काटकसर. दूध बंद केलं, डाळ पातळ केली, माझं रक्तदाबाचं औषध पुढं ढकललं. नवऱ्याची तंबाखू आणि नणंदेच्या लग्नातला मानपान मात्र कुणी खर्चात धरलाच नाही.

एका रात्री मी वही घेतली आणि सगळ्यांना बसवलं. कुणाचं किती देणं, व्याज किती, सारं लिहिलं. सावकाराचं 'शेकडा 5' ऐकायला थोडं वाटायचं. पण ते महिन्याचं होतं, म्हणजे वर्षाला 60 टक्के! तेच आधी फेडायचं ठरलं. तंबाखू, मानपान कापलं. माझं औषध यादीत सर्वांत वर गेलं.

बायांनो, वसुलीवाल्यांना घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी तर कधीच नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. एकटीनं जाऊ नका, गटानं जा.

कर्ज घराचं आहे, तर काटकसरही घराची. ती बाईच्या ताटापासून सुरू होणार नाही, एवढं आज ठरवून उठू या.