जुन्या टपाल तिकिटांची ओळख



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी ट्रंक असेल. तीत जमिनीचे कागद, दोनचार पितळी भांडी आणि सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा असतो. दिवाळीच्या साफसफाईत तो हाती लागला, म्हणजे एक तर रद्दीत जातो, नाही तर घरातला हौशी मुलगा पाकिटांवरची तिकिटे तेवढी कापून घेतो आणि उरलेले चुलीत जाते. मीही असाच एक मुलगा होतो. ती हकीगत पुढे सांगतो. आधी तिकीट ओळखायचे कसे, ते पाहू.

आपल्याकडे टपालाची तिकिटे 1852 साली सिंध प्रांतात प्रथम निघाली आणि 1854 पासून सर्व देशाची झाली. तिकीट हाती आले की सर्वांत आधी त्यावरील देशाचे नाव वाचावे. राणी व्हिक्टोरियाचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया’ अशी अक्षरे असतील, तर ते जुन्या नमुन्याचे. 1882 पासून नव्या नमुन्यांवर नुसते ‘इंडिया’ आले. पुढे राजे बदलले तसे चेहरे बदलले. 21 नोव्हेंबर 1947 रोजी मात्र राजाचे चित्र जाऊन तिरंगा आला. साडेतीन आण्यांचे ते तिकीट, आणि त्यावर ‘जयहिंद’!

मग किंमत पाहावी. आणे आणि पै असतील, तर तिकीट जुन्या नाण्यांच्या काळातले. 1 एप्रिल 1957 रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि 1 जून 1964 पासून त्यातले ‘नवा’ गळून नुसता पैसा राहिला. म्हणजे बघा, किंमत नव्या पैशांत असली की साल सात वर्षांच्या आत आले.

चित्र तेच, पण कागद निराळा, असेही घडते. जुन्या तिकिटांच्या कागदातच एक छाप असते, तिला वॉटरमार्क म्हणतात. तिकीट पालथे करून काळ्या कागदावर ठेवा आणि बाजूने उजेड पाडा. हत्तीचे डोके दिसले, तर छपाई 1865 नंतरची. त्यानंतर तारा आला. 1926 पासून आपली तिकिटे नाशिकला छापली जाऊ लागली, तेव्हा लहान लहान अनेक तारे दिसू लागले. 1958 पासून अशोकस्तंभाची छाप आली. कडेचे दातेही दोन सेंटिमीटर अंतरात किती बसतात ते मोजावे. त्यावरूनही एका चित्राच्या दोन छपाया वेगळ्या काढता येतात.

आता स्कॅनरविषयी. शाळेत किंवा तालुक्याच्या दुकानात तो असतोच. नसला तर मोबाइलनेही भागते. तिकिटावर काळा कागद ठेवून चित्र घ्यावे, म्हणजे पांढरे दाते स्वच्छ दिसतात. इंचाला 600 ठिपके एवढी बारकाई ठेवावी. पुढची बाजू घ्यावी, तशी मागचीही. तिकीट चिमट्याने उचलावे, बोटांचा घाम कागदाला लागू देऊ नये. जाणकाराला विचारायचे झाल्यास हे चित्र पाठवावे, मूळ तिकीट घरीच राहू द्यावे. आणि एकटे तिकीट नव्हे, सबंध पाकीट स्कॅन करावे. का, ते आता सांगतो.

माझ्या आजोबांचे धाकटे बंधू रेल्वेच्या कामावर बंगालकडे गेले. तिथून त्यांची पत्रे येत. पुढे पत्रे थांबली, माणूसही परतला नाही. पत्रांवर तारीख घालायची त्यांना सवय नव्हती. मी दहा वर्षांचा असताना त्या पाकिटांवरची तिकिटे कापली, पाण्यात भिजवून सोडवली आणि वहीत चिकटवली. पाकिटे फेकून दिली. पुढे आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी मला एवढेच विचारले, “त्याचं शेवटचं पत्र कोणत्या साली आलं रे?” मी वही काढली. भारताच्या नकाशाचे तिकीट, किंमत नव्या पैशांत, कागदात अशोकस्तंभ. म्हणजे 1958 नंतरचे आणि साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे. त्यापुढे मला काही सांगता येईना. पाठवणाऱ्या गावाचा आणि तारखेचा शिक्का अर्धा तिकिटावर होता, अर्धा पाकिटावर. माझ्या वहीत उरली होती शिक्क्याची नुसती कड.

तेव्हा मंडळी, तिकीट आपल्याला काळ सांगते, पण दिवस आणि गाव सांगतो तो शिक्का. आपल्या गोंदियाचेच पाहा. 1999 साली जिल्हा झाला. त्याआधी पत्त्यात ‘जिल्हा भंडारा’ असे, आणि त्याही आधी ‘सी. पी.’, म्हणजे मध्यप्रांत. भाताच्या गिरण्या, बिडीचे कारखाने, तेंदूपानांचे ठेके यांचा सारा व्यवहार पोस्टकार्डांवर चाले. आमगाव-तिरोड्याच्या एखाद्या घरात पडलेले असे कार्ड बाजारात दोन रुपयांचे नसेल, पण गावाचा इतिहास त्यात असेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक तास यासाठी काढा. प्रत्येक मुलाने घरातले एक जुने पत्र वडीलधाऱ्यांना विचारून आणावे. तिकीट, शिक्का आणि पत्ता वाचून साल ठरवावे. चित्र घेऊन पत्र घरी परत द्यावे. सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक मुलांसाठी टपाल खात्याने 2017 साली ‘दीनदयाळ स्पर्श’ ही शिष्यवृत्ती सुरू केली आहे, तिचीही चौकशी पोस्टात करावी.

आणि घरात गठ्ठा सापडलाच, तर कात्री हाती घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जरा बसा. पत्र कोणाचे ते विचारा. तिकीट कुठे जात नाही. सांगणारा मात्र नेहमी असतोच असे नाही.