माळ घातली, पुढं काय?

गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वह्या मिटल्या, की खरं बोलणं सुरू होतं. ते फिरून फिरून दारूवर येतं. आषाढी जवळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यंदा ह्यांना माळ घालायला लावतेच."

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं माळेचं बळ आपल्याला कुणी समजावायला नको. तुळशीची माळ गळ्यात आली की दारू नाही, मटण नाही, एकादशी चुकवायची नाही, वारी चुकवायची नाही. ती चारचौघांसमोर घातलेली असते, म्हणून चारचौघं लक्षही ठेवतात. माळकरी गुत्त्यासमोर दिसला तर येणारा-जाणारा विचारतो, "बुवा, तुम्ही इकडं कुठं?" एवढ्यावर सुटलेली माणसं आपण पाहिली आहेत. तशीच, संध्याकाळी माळ खुंटीला टांगून बाहेर पडणारीही पाहिली आहेत. मग बाई म्हणते, ह्यानं देवाचंही ऐकलं नाही. मला वाटतं, डॉक्टरचं काम आपण देवावर टाकतो आणि देवाचं काम तसंच राहतं.

आधी अंगाचं बघू. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी दारू बंद केली, तर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कुणी हाका मारतंय असं वाटतं. घरात लगेच कुजबुज सुरू होते, बाहेरचं लागलं, माळेचा कोप झाला. मग अंगारा आणायला माणूस धावतो. बायांनो, यात जीव जाऊ शकतो. शरीर दारूला सरावलेलं असतं म्हणून हे होतं, आणि त्यावर औषध आहे. माळ घालायची ठरली की आधी डॉक्टरला दाखवा आणि किती पितो ते खरं सांगा. विठोबा चार दिवस थांबेल. विटेवर उभं राहून थांबायची त्याला सवय आहे.

पुण्याचं मुक्तांगण तुम्ही ऐकलं असेल. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं. तिथं आधी अंगातली दारू उतरवतात, मग माणसाशी बोलणं सुरू होतं. घरी गेल्यावरही पाठपुरावा असतो. पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण त्याच्यासोबत तीही आजारी पडलेली असते.

आता देवाचं काम. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून निघाली. फी नाही, नाव विचारत नाहीत. त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो, पण कोणता देव हे ज्यानं त्यानं आपल्या समजुतीप्रमाणं ठरवायचं. आपल्या सोलापूरला हे फार सोयीचं आहे. कुणी सिद्धरामेश्वराला हात जोडेल, कुणी इष्टलिंग हातात घेऊन बसेल, कुणी नमाज पढेल. कुणी पंचशील म्हणेल, त्यातलं पाचवं शील तर नशेपासून दूर राहण्याचंच आहे. देव न मानणारा समोर बसलेल्या माणसांवर भरवसा ठेवेल.

त्या पायऱ्यांत मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. नुसती प्रार्थना पुरत नाही. आपण कुणाकुणाचं नुकसान केलं त्याची यादी करायची आणि जमेल तिथं भरून द्यायचं. विकलेलं डोरलं, पोराची फी, शेजाऱ्याची उसनवारी, सगळं त्यात येतं. पाया पडून माफी मागणं सोपं असतं. दर महिन्याला शंभर-शंभर रुपये परत करणं ही मला तरी मोठी पूजा वाटते.

आणि वेळ सांभाळा. दारूची आठवण संध्याकाळी सहा-सात वाजता येते. तीच वेळ हरिपाठाला द्या. घरात एकट्यानं पुटपुटण्यापेक्षा देवळात टाळ घेऊन उभं राहिलेलं बरं. हात गुंतलेले असतात आणि आला नाही तर विचारणारं कुणी असतं. जन्मभर पिणार नाही अशी शपथ घालू नका. आजचा दिवस मागायचा, उद्या पुन्हा उद्याचा. मधे एकदा घसरला, तर माळ बाटली म्हणून त्याला देवळातून हाकलू नका. त्याच दिवशी त्याला तिथं बसायची गरज जास्त असते.

तुमच्या उपासांबद्दलही बोलते, राग मानू नका. नवऱ्याच्या दारूसाठी सोळा सोमवार आणि वर निर्जळी एकादशी करणाऱ्या बायकांचं रक्त तपासलं की पंडुरोग निघतो. उपासानं त्याची दारू सुटत नाही. देवाजवळ बसा, पण स्वतःसाठी बसा. तो प्यायला तरी तुमची ती दहा मिनिटं तुमचीच राहू द्या. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाच्या बैठका असतात, तिथं हेच शिकवतात. आणि मारहाण होत असेल तर ते तुमचं प्रारब्ध नाही, तो गुन्हा आहे.

व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, १४४४६. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर हा आकडा आजच लिहून ठेवा. मिश्री लावणाऱ्या बायकांनी सुद्धा.