धुराचा परवाना



कोळशावर वीज तयार करायची तर कोळसा लागतो, पाणी लागतं, जमीन लागते आणि दोन कागद लागतात. एक कागद दिल्लीहून येतो. ती पर्यावरण मंजुरी. दुसरा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, म्हणजे संमतीपत्र. हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ सालचा. मंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय कारखाना उभारायचा नाही आणि चालवायचाही नाही, असं त्याचं २१वं कलम बजावतं.  आणि दोन्ही कागदांना अटींची यादी जोडलेली असते. आपण बातमीत ‘मंजुरी मिळाली’ एवढंच वाचतो. त्या यादीपर्यंत कोणी जात नाही.

अशाच एका अटीची हकिकत सांगतो. डहाणूची.

डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या आणि वारल्यांचे पाडे. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी बीएसईएस कंपनीनं तिथं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र बांधायचं ठरवलं. १९८९ साली केंद्र सरकारनं मंजुरी दिली, त्यात एक अट होती : धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवायची. हिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एफजीडी म्हणतात. सल्फर डायऑक्साइड वायू चिमणीतून बाहेर पडण्याआधी चुनखडी कालवलेल्या पाण्यानं किंवा समुद्रकाठी चक्क समुद्राच्या पाण्यानं धुऊन काढायचा, असं तिचं साधं तंत्र. साधं, पण महागडं.

स्थानिक मंडळी प्रकल्पाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९१ मध्ये हरली. मात्र न्यायालयानं बजावलं, की परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय एफजीडीची अट शिथिल करू नका. त्याच वर्षी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. १९९५ पर्यंत केंद्र सुरू झालं. चिमणी २७५ मीटर उंच, लांबून दिसणारी. एफजीडी मात्र नव्हती.

मग १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशावरून डहाणू तालुक्यासाठी एक प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. १९९९ साली या प्राधिकरणानं यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. तरी पुढची सहा वर्षं गेलीच. शेवटी २००५ मध्ये प्राधिकरणानं कंपनीकडे ३०० कोटींची बँक हमी मागितली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, रक्कम १०० कोटींवर आली, पण हमी द्यावी लागली. आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. अट घातल्यापासून अठरा वर्षांनी! कागदावर अट पहिल्या दिवसापासून होती. हलली ती पैसे अडकल्यावर आणि तेही कोणीतरी सतत मागे लागलं म्हणून.

आता देशभराची गोष्ट. बरीच वर्षं आपल्या औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा नव्हतीच. नियम होता तो चिमणीच्या उंचीचा. ५०० मेगावॅटचा संच असेल तर २७५ मीटर. उंच चिमणीनं वायू कमी होत नाही, तो लांब जाऊन पडतो, इतकंच. ७ डिसेंबर २०१५ रोजी पर्यावरण मंत्रालयानं पहिल्यांदा मर्यादा ठरवली. जुन्या मोठ्या संचांना घनमीटरमागे २०० मिलिग्रॅम, २०१७ नंतरच्या नव्या संचांना १००. मुदत दोन वर्षांची. ती उलटली, तेव्हा २०२२ झाली. मग केंद्रांचे त्यांच्या जागेवरून अ, ब, क गट पाडले आणि तारखा पुन्हा सरकल्या. नंतर २०२६. नंतर २०२९. आपल्याकडे पाऊस चुकेल, मुदतवाढ चुकत नाही.

आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं ‘क’ गटाला या मर्यादेतून सूटच दिली. देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक संच याच गटातले. अट एकच, चिमणी नियमाइतकी उंच हवी. म्हणजे फिरून आपण चिमणीपाशीच आलो. दहा लाखांहून मोठ्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतली केंद्रं ‘अ’ गटात आहेत, त्यांना डिसेंबर २०२७ पर्यंत मर्यादा पाळायची आहे. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित पट्ट्यांतली केंद्रं ‘ब’ गटात, त्यांचा निर्णय तज्ज्ञ समिती एकेक प्रकरण पाहून घेणार.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. भारतीय कोळशात गंधक कमी असतो, यंत्रणेचा खर्च वीजबिलात येतो, चुनखडीसाठी डोंगर खणावे लागतात, असं ते म्हणतं. यात तथ्य आहे. पण सल्फर डायऑक्साइड हवेत गेल्यावर वायूच राहत नाही. त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात, आणि हे कण शेकडो किलोमीटर जातात, फुप्फुसात खोलवर उतरतात. त्यांना दहा किलोमीटरची वेस ठाऊक नाही. म्हणून अंतरावर बेतलेली ही सूट मला पटत नाही.

दंडाचंही पाहा. पूर्वी संमतीशिवाय केंद्र चालवलं तर दीड ते सहा वर्षांचा तुरुंगवास होता. जन विश्वास कायद्यानं २०२४ पासून तो काढून टाकला, आता दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड. तुरुंगाचा गुन्हा कोर्टात शाबीत करणं अवघड, हे मान्य. पण डहाणूत शंभर कोटी अडकले तेव्हा यंत्र बसलं. पंधरा लाखांत काय बसणार?

तुमच्या जवळपास औष्णिक केंद्र असेल, तर एक करा. पर्यावरण मंजुरीतल्या अटी किती पाळल्या, याचा अहवाल केंद्राला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो मागून घ्या. मंडळाचं संमतीपत्रही मागा, संकेतस्थळावर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आणि दोन्हींमधल्या अटी ओळीनं वाचा.