तिच्या मर्जीनं

(स्त्री-गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगण्यात आलं की, ‘सध्या ज्या बातम्या वाचून तुला त्रास होतो, त्यांबद्दल बोल.’ विषय सोपा वाटला. पण बसले लिहायला, तर तीन दिवस एकाच बातमीशी अडकून पडले. म्हणून आज त्याच एका गोष्टीबद्दल बोलते.

मला वर्तमानपत्राची कात्रणं काढायची जुनी खोड आहे. घरातले हसतात, ‘आता सगळं फोनवर असतं’ म्हणतात. असेल. पण टेबलावर दोन कात्रणं शेजारी-शेजारी ठेवली की जे दिसतं, ते फोनवर दिसत नाही. आज तीन कात्रणं आणली आहेत.

पहिलं जून २०२५ चं. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या ८४३ बायकांची गर्भाशयं काढली गेली आहेत, असं आरोग्य विभागाच्या पाहणीत आढळलं. दुसरं सप्टेंबर २०२५ चं. मराठवाड्यात अतिवृष्टी, नद्यांना पूर, सोयाबीन-कापूस पाण्यात, कित्येक ठिकाणी माती खरवडून गेली. ज्या बीडला आपण टँकरनं ओळखतो, तिथं सिंदफणेचं पाणी गावात शिरलं. तिसरं थोडं जुनं, जानेवारी २०२४ चं. साखर कारखान्यांचा संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. पहिली बातमी आरोग्याची, दुसरी पर्यावरणाची, तिसरी राजकारणाची. तिन्ही वेगवेगळ्या पानांवर. आणि तिन्हींत बाई एकच आहे.

ती कशी, ते आपल्यापैकी मराठवाड्यातल्या मैत्रिणींना माहीतच आहे. तरी बाकीच्यांसाठी सांगते. ऊसतोडीच्या हिशेबात बाई नाही, पुरुषही नाही. ‘कोयता’ असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामापूर्वी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो, ५०,००० रुपये, लाख, आताशा त्याहूनही जास्त. उचल नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची दोघांनी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही कमी. पोरींची लग्नं तेराव्या-चौदाव्या वर्षी का उरकतात, याचं एक उत्तर या हिशेबात आहे. पहाटे तीनला उठायचं, फडावर जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, २५-३० किलोची, कधी त्याहून जड मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर दंड. २०१९ साली बायका मला दिवसाला पाचशे रुपये सांगत होत्या. पाळीत पोट दुखलं तरी खाडा, बाळंतपण झालं तरी खाडा.

तिसऱ्या कात्रणात दरवाढीचे आकडे आहेत. खाड्याबद्दल त्यात एक ओळ नाही.

२०१९ साली ही गोष्ट पहिल्यांदा देशभर गाजली. बिनगर्भाशयांच्या बायकांची गावं, असे मथळे आले. विधान परिषदेत प्रश्न झाले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. दर सहांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्याच सुमारास देशभरातलं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानंही राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. आणि २०२५ मध्ये पुन्हा ८४३.

या सगळ्या बातम्यांत एक वाक्य असतंच. डॉक्टर म्हणतात, मुकादम म्हणतात, कधी अधिकारीही म्हणतात, ‘आम्ही जबरदस्ती केली नाही, तिच्या मर्जीनं झालं.’ मला त्रास होतो तो या वाक्याचा. कारण ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

२०१९ मध्ये आम्ही चौघीजणी एका गावात गेलो होतो. आमच्याकडे प्रश्नावली होती. त्यात एक प्रश्न होता, ‘शस्त्रक्रियेचा निर्णय कोणी घेतला?’ पुढे चौकटी, नवरा, सासू, मुकादम, डॉक्टर, स्वतः. एक बाई होती बत्तिशीची. पंधराव्या वर्षी लग्न, तीन मुलं, विशीत नसबंदी, एकोणतिसाव्या वर्षी पिशवी काढलेली. मी विचारलं, तर म्हणाली, ‘कुनी न्हाई सांगितलं. मीच म्हनले काढा.’ मी प्रश्न फिरवून विचारला. मुकादम काही बोलला का? नवऱ्यानं सांगितलं का? तेव्हा ती चिडली. ‘ताई, अंगावरून जायचं, वास यायचा, फडात धड बसता येत नव्हतं. मपलं दुखणं मी काढून टाकलं. तुमाला कामून वाईट वाटतंय? उचल फिटली का, ते इचारा की.’

मी ‘स्वतः’वर खूण केली आणि परतीच्या गाडीत कोणाशी बोलले नाही.

आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना १९९४ आठवत असेल. पुणे जिल्ह्यातल्या एका सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. (मतिमंद हा शब्द तेव्हा आपणही बिनदिक्कत वापरायचो.) कारण दिलं होतं पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. आपण रस्त्यावर उतरलो, निदर्शनं केली. तेव्हा बोलणं सोपं होतं. त्या मुलींना कोणी विचारलंच नव्हतं. ‘बाईचं शरीर, बाईचा हक्क’ ही घोषणा तिथं नेमकी बसत होती. इथं ती घोषणा समोरचाच आपल्याला ऐकवतो. तिचं शरीर, तिनं निर्णय घेतला, तुम्ही कोण विचारणार?

पण १९९४ चं कारण आणि आजचं कारण ताडून बघा. तेव्हा संस्थेला पाळीची अडचण होत होती. आज फडाला होते. फरक इतकाच की आता सही बाई स्वतः करते.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. खासगी आहे, पण इथं सांगायला हरकत नाही. मी चव्वेचाळीस वर्षांची असताना मला फार रक्तस्राव व्हायचा. शहरातल्या एका डॉक्टरांनी तपासलं, गाठ आहे म्हणाले, ‘आता पिशवीचा उपयोग काय, काढून टाकू.’ मी घाबरले होते, हो म्हणणार होते. पण माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, थांब. दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. गाठ लहान होती, गोळ्या दिल्या, लोह दिलं, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. मी ऑफिसात रजा टाकली, घरी पडून राहिले. पुढे पाळी तिच्या वेळेला गेली, पिशवी जागेवर राहिली. हा निर्णय मी माझ्या मर्जीनं घेतला, असं मी आजवर ऐटीत सांगत आले. त्या मर्जीत काय-काय होतं ते बघा. भरपगारी रजा, रिक्षाचं भाडं, दोनदा फी भरण्याइतके पैसे, दार लावून घेता येईल असा संडास, नळाचं पाणी, आणि ‘थांब’ म्हणणारी एक मैत्रीण.

त्या बाईजवळ यातलं काय होतं? तिला अंगावरून जायचं, म्हणजे बहुधा जंतुसंसर्ग असणार. नीट तपासणी करून नवरा-बायको दोघांनाही पुरेशा दिवसांची औषधं दिली असती तर बरा होण्यासारखा. पण कोपीजवळ पाणी नाही, आडोसा नाही, धुतलेलं फडकं उन्हात वाळवायची सोय नाही. औषध घेतलं तरी पुन्हा तेच. सरकारी दवाखाना लांब, तिथं एक दिवस म्हणजे एक खाडा. शेवटी हंगाम संपवून गावी आल्यावर खासगीत गेली. सोनोग्राफी झाली, ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’ असं ऐकवलं गेलं. हे वाक्य मी त्या गावात सात जणींकडून ऐकलं, जवळजवळ त्याच शब्दांत. खर्च तीस-पस्तीस हजार. तो भागवायला पुन्हा मुकादमाकडून उचल. म्हणजे काम करता यावं म्हणून पिशवी काढली, आणि पिशवी काढल्याच्या कर्जापोटी पुढचा हंगाम बांधला गेला.

तिला कोणी हे सांगितलं नव्हतं की, तिशीत हे ऑपरेशन झालं आणि त्यासोबत अंडाशयंही काढली तर शरीर त्याच दिवशी म्हातारं व्हायला लागतं. हाडं ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती बऱ्याचदा लवकर थकतात. तिची ठेवली होती की काढली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. कागद मागितला तर एक चुरगळलेली पावती निघाली.

आणि आता दुसरं कात्रण, पुराचं. कोणी म्हणेल त्याचा इथं काय संबंध? कोरडवाहू तीन एकरांवर सोयाबीन उभं असेल, तर बाई मुकादमाला एखादे वर्षी ‘नाही’ म्हणू शकते. निदान ‘यंदा उशिरा येते, आधी दुखणं बघते’ म्हणू शकते. दुष्काळात ते ‘नाही’ वाळून जातं, अतिवृष्टीत वाहून जातं. आणि ज्या पिकापायी ती जाते, त्याचं पाणी बघा. राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, सिंचनाच्या पाण्यात मात्र सत्तर टक्क्यांच्या घरात, असं सरकारी अहवालांतच येऊन गेलंय. तुटीच्या खोऱ्यांत नवे साखर कारखाने नकोत, असं चितळे आयोगानं १९९९ साली सांगितलं होतं. ऐकणार कोण? ज्यांनी ऐकायचं, त्यांतल्या बऱ्याच जणांचे कारखाने. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा आपल्याला केवढं अप्रूप वाटलं! माणसं मात्र त्याच्या उलट दिशेनं वर्षानुवर्षं येत होती. त्याची बातमी कधी झाली नाही.

हे बोलताना मला माझ्या माहेराबद्दल गप्प बसता येणार नाही. आमचं माहेर सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. साडेतीन एकर ऊस. माझं शिक्षण त्या उसावर झालं. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या यायच्या, रानाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडायच्या. त्यांतल्या बायका संध्याकाळी आमच्या दाराशी येऊन आईला जुनं लुगडं मागायच्या. आई द्यायची. पण मग मला म्हणायची, ‘बघ, नवीन दिलं तरी नेसणार नाहीत. जुनंच पाहिजे यांना.’ त्या जुनंच का मागतात, हे माझ्या आईला कळत नव्हतं असं नाही. घरात ते बोलायची रीत नव्हती. मला मात्र ते वीस वर्षांनी, पाळीवरचं शिबिर घेताना, फडक्याबद्दल बोलता-बोलता एकदम कळलं. मी वाक्य अर्धवट सोडून खाली बसले होते, हे तेव्हाच्या काही जणींना आठवत असेल.

त्या बायकांना वडील मोटरीच्या तोंडाशी अंघोळीला परवानगी द्यायचे. दिवेलागणीनंतर. पाण्याचं बिल येत नव्हतं, तरी परवानगी लागायची. त्यांतल्या एकीचंही नाव मला ठाऊक नाही. आम्ही सगळ्यांना ‘बीडवाली’ म्हणायचो.

म्हणून मला वाटतं, आपण निवेदनं देताना नुसतं ‘बेकायदा ऑपरेशनं थांबवा’ म्हणून भागणार नाही. परवानगीची अट हवी, नाही असं नाही. पण ती एकटीच आली तर बाईला आणखी एका टेबलापुढं उभं राहावं लागतं, फड आहे तसाच राहतो. मागायचं तर आधी खाडा बंद करा हे मागावं लागेल. उचलीच्या कागदावर तिचं वेगळं नाव आणि तिची मजुरी तिच्या हातात, हे मागावं लागेल. पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांची भरपाई कारखान्याकडून मागावी लागेल, कारण ऊस अखेर त्याच्याच गव्हाणीत पडतो. आणि मुकादमाच्या दारी जाणं सोपं आहे, बागायतदाराच्या दारी जाणं अवघड. तिथं आपल्यातल्या अनेकींचे भाऊ बसलेले आहेत.

माझाही बसलेला आहे. गेल्या आठवड्यात त्याला फोन केला. विचारलं, यंदा टोळी येईल ती पाणी कुठलं भरते? बायका अंघोळीला कुठं जातात? तो हसला, ‘भाषण आहे वाटतं कुठं.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘मोटरीच्या तोंडाशी. अजून कुठं?’ मी विचारलं, आडोसा आहे का? नाही म्हणाला. आडोसा करायला किती पत्रे लागतील ते मोजून सांग, असं मी त्याला सांगितलंय, पैसे मी देते म्हटलं. त्याचा अजून फोन आलेला नाही.